लिफाफा क्रमांक १: वाचकांचे प्रश्न, निवृत्त निविदा लिपिकाची उत्तरं

सार्वजनिक बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली १९ निविदा शाखेत. तिथं असताना कुणी ठेकेदार काही विचारायला आला की माझं उत्तर ठरलेलं असे, ‘फलकावर लावलंय, वाचा.’ त्यात उद्धटपणा नव्हता. निविदा लिपिकानं एकाला चार शब्द जास्त सांगितले की दुसऱ्याचा तक्रारअर्ज आलाच म्हणून समजा. आता मी निवृत्त आहे आणि फलकाची जागा पोर्टलनं घेतलीय, तेव्हा बोलायला हरकत नाही. पत्रं बरीच आली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि कुणाचं नाव छापलेलं नाही.

काका, २०२३ला सिव्हिलचा डिप्लोमा झाला. वर्षभर एका ठेकेदाराकडे साइटवर होतो. आता स्वतः कामं घ्यायची आहेत, पण जी निविदा उघडावी तिच्यात ‘समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव’ मागतात. काम नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून काम नाही. सुरुवात करू कुठून?
— एक अभियंता, अंबाजोगाई तालुका

हे कोडं घेऊन माझ्या टेबलापुढं दरवर्षी पाच-सहा पोरं उभी राहायची. याची सोय शासनानं केलेली आहे, पण ती निविदेच्या पानावर दिसत नाही. महाराष्ट्रात लहान रकमेची कामं तीन वाट्यांत विभागतात. ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के इतर नोंदणीकृत ठेकेदारांना. तुझ्या वाट्याची कामं काम वाटप समितीतून येतात, बहुधा सोडतीनं. कामाच्या रकमेची मर्यादा शासन निर्णयानं वेळोवेळी बदलते, म्हणून नोंदणीला जाशील तेव्हा चालू निर्णयाची प्रत माग. नोंदणी बांधकाम खात्याकडेही होते आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची कामंही याच पद्धतीनं वाटली जातात. कागदांची यादी कार्यालयात मिळेल. ती गोळा करणं कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

खरी परीक्षा सोडतीत नाव निघाल्यावर. त्याच संध्याकाळी तुझ्या घरी कुणीतरी येईल, चहा घेईल आणि म्हणेल, ‘इंजिनिअरसाहेब, तुम्ही कशाला उन्हात उभे राहता? नाव तुमचं, काम आमचं, एवढे टक्के घरपोच.’ अर्ध्याहून जास्त पोरं इथंच संपलेली मी पाहिली. एकानं असंच गावातल्या काँक्रीट रस्त्याचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं. दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याचा पापुद्रा सुटला. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा काळ, चालू होता. नोटीस कुणाला? ज्याच्या नावानं करारनामा त्याला. काम करणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं, पोराची अनामत गेली, आणि पुढच्या सोडतीत त्याचं नाव घ्यायचं की नाही यावर फाईल फिरत राहिली. तो आता पुण्याला एका बिल्डरकडे नोकरी करतो. वाईट काही नाही त्यात, पण त्याचं अक्षर सुंदर होतं आणि मोजमापं तर त्याहून नेटकी.

पहिलं काम शाळाखोलीची दुरुस्ती असो, गटार असो, स्मशानभूमीचा निवारा असो, स्वतः उभं राहून कर. तोटा झाला तरी चालेल, दाखला मिळव. दाखला म्हणजे शाखा अभियंत्यानं कोऱ्या कागदावर लिहून दिलेलं ‘काम समाधानकारक’ नव्हे. कामाचं पूर्ण नाव, करारनामा क्रमांक, निविदा रक्कम, झालेल्या कामाची रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख, कार्यकारी अभियंत्याची सही आणि जावक क्रमांक, हे सगळं त्यावर हवं. जावक क्रमांक नसलेला दाखला घेऊन आलेला एक ठेकेदार तांत्रिक छाननीत बाद झाला, तेव्हा तो माझ्यावर चिडला होता. दाखला खरा होता हो. पण खरा आहे हे ठरवायचं कशावरून?

ज्या ठेकेदाराकडे तू वर्षभर राबलास, त्याच्याकडून ‘मी हे काम केलं’ असं पत्र आणून उपयोग नाही. खात्याच्या मंजुरीशिवाय दिलेलं पोटकंत्राट कागदावर नसतंच.

मी रोज सकाळी महाटेंडर्स पोर्टल उघडतो. काम दिसतं तेव्हा आठ-दहा दिवस उरलेले असतात. जुन्या ठेकेदारांची मात्र सगळी तयारी झालेली असते. त्यांना आधी कसं कळतं? आतून बातमी मिळते का?
— वाचक, माण

काहींना मिळते, खोटं कशाला बोलू. पण बहुतेकांना मिळत नाही, ते फक्त तुमच्यापेक्षा सहा महिने आधी वाचायला लागतात.

कामाचा जन्म पोर्टलवर होत नाही. आधी अर्थसंकल्पात तरतूद, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, आणि शेवटी निविदा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. त्यानंतर पावसाळी अधिवेशनात आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या मंजूर होतात. प्रशासकीय मान्यतेचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, सोबत कामांची यादी असते, गावाच्या नावासकट. आमच्याकडे एक म्हातारे मक्तेदार होते, चौथी शिकलेले. नातवाकडून त्या याद्या छापून घ्यायचे आणि आपल्या तीन तालुक्यांतल्या कामांवर लाल पेन्सिलीनं खूण करायचे. निविदा निघेपर्यंत त्यांनी जागा पाहिलेली असायची, खडीची खाण ठरवलेली असायची.

लेखाशीर्ष, म्हणजे कामाचा पैसा अर्थसंकल्पातल्या कुठल्या शीर्षातून येतो तो क्रमांक, ओळखायला शिका. ५०५४ म्हणजे रस्ते आणि पुलांचा भांडवली खर्च. ३०५४ त्याच रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती. ४०५९ शासकीय इमारती. आणि गावोगावी ज्याला लोक नुसतं ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात ते २५१५, म्हणजे ग्रामविकास विभागाची मूलभूत सुविधांची कामं. जिल्हा नियोजन समितीचा पैसा वेगळा. तो मार्चअखेर खर्ची पडायला हवा असतो, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत त्या निविदांचा पाऊस पडतो. पावसाळ्यात निवांत बसलेला ठेकेदार जानेवारीत तीन निविदा एकदम भरतो आणि तिन्हींत काहीतरी विसरतो.

शिवाय सगळे एकाच दारात गर्दी करतात. बांधकाम खात्यापलीकडे जिल्हा परिषद आहे, नगरपालिका आहेत, जीवन प्राधिकरण आहे, औद्योगिक विकास महामंडळ आहे, पोलीस गृहनिर्माण महामंडळ आहे, मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेची कामं आहेत, कृष्णा खोरे आणि गोदावरी मराठवाडा यांसारखी पाटबंधारे महामंडळं आहेत. पोर्टलवर कार्यालयाप्रमाणे शोधता येतं. नुसतं ‘ताज्या निविदा’ बघत बसू नका.

आता महत्त्वाचं. शासन निर्णयात कामाची किंमत बघता तशी तरतूदही बघा. तीन कोटींचं काम आणि यंदाची तरतूद दहा लाख असेल, तर तुमचं दुसरं बिल कुठून येणार हे विचारायला हवं. काम मंजूर असणं आणि पैसे असणं या खात्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ साली थकीत बिलांसाठी राज्यभरातल्या ठेकेदार संघटना रस्त्यावर आल्या, त्यामागं हेच होतं. मी लिपिक असताना काउंटरवर ठेकेदार विचारायचे, ‘निविदा कधी निघतेय?’ शेजारच्या लेखा शाखेत जाऊन ‘या शीर्षाखाली अनुदान किती आलंय?’ असं विचारणारे १९ वर्षांत मला चार-पाचच भेटले. तेच टिकले.

आमच्या फर्मकडे उद्यम प्रमाणपत्र आहे. लघुउद्योगांना बयाणा रकमेची, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीची, सूट असते म्हणून आम्ही बयाणा न भरता प्रमाणपत्र जोडलं. तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडायच्या आधीच्या कागदपत्रांच्या तपासणीत, बाद झालो. दाद मागावी का?
— वाचक, जालना

मागू नका. ती सूट मालखरेदी आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटाला आपोआप लागू होत नाही. निविदेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच धरा. नसेल लिहिलेलं, तर निविदापूर्व बैठकीत किंवा लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत बयाणा भरायची तयारी ठेवा.

अंदाजपत्रकीय रक्कम ८० लाख, डांबरीकरणाचं काम, बी-१ निविदा (अंदाजपत्रकाहून किती टक्के बिलो म्हणजे कमी, की अबव्ह म्हणजे जास्त, एवढंच भरायचं). मागच्या दोन निविदांना १४ टक्के बिलो गेलो आणि दोन्ही हुकल्या. यंदा २२ टक्के बिलो जायचं ठरवलंय. अट अशी आहे: १० टक्क्यांपर्यंत कमी दर असेल तर रकमेच्या १ टक्का अतिरिक्त अनामत, १०च्या पुढं १५पर्यंत प्रत्येक टक्क्याला आणखी १ टक्का, १५च्या पुढं प्रत्येक टक्क्याला दुप्पट. शिवाय अंदाजपत्रकात खडीची खाण १८ किलोमीटरवर दाखवलीय, ती बंद आहे. चालू खाण ३७ किलोमीटरवर आहे. टिपरवाला ब्रासला, म्हणजे १०० घनफुटाला, ५०० रुपये जादा मागतोय. साधारण ४०० ब्रास लागेल. जायचं का २२ला?
— वाचक, पंढरपूर तालुका

तुमच्या पत्रात उत्तर आहे, तुम्ही बेरीज करायची टाळलीय एवढंच. या कागदावर मीच करतो.

२२ टक्के बिलो म्हणजे काम ६२ लाख ४० हजारांना. अतिरिक्त अनामत पहिल्या १० टक्क्यांना १, पुढच्या पाचांना ५, उरलेल्या सातांना दुपटीनं १४. एकूण २० टक्के, म्हणजे ८० लाखांवर १६ लाख. हे १६ लाख धनाकर्ष, मुदतठेव किंवा बँक हमी, जे काही अटीत म्हटलं असेल त्या रूपानं निविदा उघडल्यावर थोड्या दिवसांत द्यायचे. बँक हमीसाठीही बँक मार्जिन मागते. नेहमीची सुरक्षा अनामत याशिवाय. म्हणजे खडीचा पहिला टिपर यायच्या आधी ६२ लाखांच्या कामासाठी तुमचे सतरा-अठरा लाख अडकले.

अनामत तरी परत मिळते, लीडचा, म्हणजे खाणीपासून कामापर्यंतच्या वाहतुकीचा, पैसा मिळत नाही. ४०० ब्रासला ५०० रुपयांनी दोन लाख गेले. अंदाजपत्रकातला लीड चार्ट हा निविदेतला सगळ्यात कमी वाचला जाणारा कागद आहे. मी स्वतः टंकलेला आहे तो कित्येकदा, मागच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून उतरवून. वरून कुणी बदल सांगितला नाही तर खाण तीच राहते, मग ती बंद पडलेली असो. निविदापूर्व बैठकीत हे लेखी विचारा. शुद्धिपत्रक निघालं तर सगळ्यांनाच फायदा. नाही निघालं, तर निदान तुम्हाला कळेल की हे दोन लाख तुमच्याच खिशातून जाणार आहेत.

रॉयल्टी विसरू नका. गौण खनिजाला ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन आहे, त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे १० टक्के. क्रशरवाला म्हणेल, ‘पावती नको असेल तर स्वस्तात देतो.’ ४०० ब्रासचे दोन लाख ४० हजार तेव्हा वाचल्यासारखे वाटतात आणि बिलाच्या वेळी वाहतूक पास नाहीत म्हणून कापले जातात. दर स्वस्त नव्हताच तो, उधारीवर होता. डांबराचं तर आणखी वेगळं. तेल कंपन्या महिन्यातून दोनदा, १ तारखेला आणि १६ तारखेला, दर बदलतात. कमी मुदतीच्या कामात भाववाढीचं कलम बहुधा नसतं. तुमच्या निविदेत आहे का ते बघा, आणि टक्केवारी कशाकशाला लागते तेही बघा. जीएसटी, विमा, चाचणी शुल्क यांसारख्या बाबी काही निविदांत टक्केवारीबाहेर असतात. १८ जुलै २०२२ पासून शासकीय बांधकामांवर जीएसटी १२चा १८ टक्के झालाय, हे अजून जुन्या १२ टक्क्यांच्या हिशेबाच्या वहीत बघून दर काढणाऱ्यांसाठी लिहितोय.

तुम्ही १४ला हुकलात म्हणून २२ला निघालात. मला सांगा, त्या दोन्ही कामांना पहिला कोण आला आणि किती टक्क्यांना, हे पाहिलंत का? आर्थिक लिफाफा उघडल्यावर पोर्टलवर सगळ्यांचे दर दिसतात. पहिला १५ला आला असेल, तर तुम्ही एका टक्क्यानं हुकलात आणि आता आठ टक्के फेकताय. पहिला २६ला आला असेल, तर त्याचा हॉट मिक्स प्लांट त्या रस्त्यापासून पाच किलोमीटरवर असेल आणि त्याच्याशी तुमची स्पर्धाच नाही. दोन वर्षांचे असे दर एका वहीत उतरवा. आपल्या तालुक्यातल्या डांबराच्या कामात कोण कुठं थांबतो ते दिसायला लागेल. तोवर २२ला जाऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर ही निविदा सोडली असती. खाण ३७ किलोमीटरवर असताना ती तुमची नाहीच.

मी कागद सगळे अपलोड केले, बयाणा भरला, आर्थिक लिफाफ्यात दर भरला. निविदा उघडली तर आमचं नावच नाही! हेल्पलाइनवाले म्हणतात, तुम्ही निविदा दाखलच केली नव्हती.
— वाचक, चाळीसगाव

‘फ्रीज बीड सबमिशन’ हे बटण दाबलं होतं का? शंभरातले नव्वद जण इथं अडकतात. कागद चढवले, चौकटी हिरव्या झाल्या, माणूस चहाला गेला. ते बटण दाबून पोचपावती हातात येईपर्यंत तुम्ही निविदा भरलेली नाही. पोचपावती छापा, तिच्यावरची वेळ बघा. वेळ सर्व्हरची चालते, तुमच्या मनगटावरची नाही.

दराच्या एक्सेल फाईलचं नाव बदलू नका, ती पोर्टलवर चढत नाही. बी-१मध्ये टक्केवारीपुढं ‘एक्सेस’ की ‘लेस’ हे निवडायचं असतं. मी पाहिलंय, एका भल्या माणसानं ११.११ भरलं आणि यादीतला पहिलाच शब्द निवडला. ११.११ टक्के बिलोऐवजी ११.११ टक्के अबव्ह. सहा जणांत सहावा आला. खोली हसली, तोही हसला, पण बाहेर जाऊन जिन्यावर बराच वेळ बसून होता.

बयाण्याचं आरटीजीएस शेवटच्या दिवशी करू नका. चलनावरची रक्कम पैशासकट जुळायला लागते, आणि बँकेला तुमच्या मुदतीचं काही देणंघेणं नसतं.

माझ्या यजमानांच्या फर्मच्या निविदा मीच भरते. डिजिटल सही त्यांच्या नावाची, तिचं पेनड्राइव्हसारखं टोकन माझ्या पर्समध्ये. शेजारचे एक जण म्हणतात हे बेकायदा आहे. खरं का?
— वाचिका, सांगली

शेजारी बरोबर आहेत. डिजिटल स्वाक्षरी ही माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली त्या माणसाची सही आहे. तुम्ही यजमानांची सही हातानं कराल का? त्यांच्याकडून अधिकारपत्र घ्या आणि स्वतःच्या नावावर क्लास ३चं प्रमाणपत्र काढून घ्या. तुमच्याकडे टोकन असण्यात मला फार धोका दिसत नाही. धोका त्यांचा, जे टोकन आणि पिन दोन्ही तालुक्याच्या ‘टेंडर भरून मिळेल’ दुकानात ठेवून येतात. त्या दुकानात तुमच्या प्रतिस्पर्ध्याचंही टोकन त्याच खणात असतं. एकाच संगणकावरून, अर्ध्या तासाच्या फरकानं, एकाच कामाच्या दोन निविदा गेल्या तर त्या संगनमतानं भरल्या असं कुणी म्हटल्यास तुम्ही काय सांगणार?

आणखी एक, मनात आलं म्हणून. निविदा तुम्ही भरता, दर तुम्ही काढता, तर फर्ममध्ये भागीदार म्हणून तुमचं नाव का नाही?

आमच्या तालुक्यात ठेकेदारांची बैठक होते. यंदाचं काम कुणाचं ते ठरतं, बाकीचे डमी भरतात. मला निरोप आलाय, ‘या वेळी तू अबव्ह भर, पुढचं तुझं.’ नाही म्हटलं तर मुरूम अडवतील, मजूर पळवतील. आणि बिलाच्या वेळी टक्केवारी मागतात ती वेगळीच. खरं उत्तर द्या, छापील नको.
— नाव, गाव नको

पूर्वी निविदेची पेटी असायची, तीन वाजता बंद व्हायची, आणि अडीच वाजता फाटकाबाहेर चार माणसं उभी असायची. ज्याला भरायचं नाही असं ठरलंय त्याचा लिफाफा फाटकातून आत येत नसे. एकदा एक जण मागच्या भिंतीवरून उडी मारून आला होता, धोतर फाटलेलं, लाखेचा शिक्का तुटलेला. शिक्का तुटला म्हणून त्याचा लिफाफा घ्यावा की नाही यावर साहेब आणि मी दहा मिनिटं पुस्तक चाळत होतो. ई-निविदा आली आणि फाटकावरची माणसं गेली. बैठक गेली नाही, हे तुमच्या पत्रातून दिसतंय.

कायदा असा आहे. निविदांत संगनमत करणं स्पर्धा कायदा २००२ मध्ये प्रतिबंधित आहे आणि दंड उलाढालीच्या टक्केवारीत बसतो. डमी भरणाराही त्यात येतो, नुसता जिंकणारा नाही. ‘पुढचं तुझं’ हा निरोप मोबाइलवर लेखी आला असेल तर तो पुरावा आहे, तुमच्याविरुद्धही. लाचेचं म्हणाल, तर २०१८च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक चालतो.

हे छापील झालं. तुम्ही खरं मागितलंत. माझ्या नोकरीत तक्रार केलेल्या दोन ठेकेदारांना मी ओळखत होतो. एकाला न्याय मिळाला आणि तीन वर्षं काम मिळालं नाही. दुसरा शेजारच्या जिल्ह्यात गेला, तिथं जलसंपदाची कामं घेतली आणि बरं चाललं त्याचं. मी टेबलाच्या ज्या बाजूला बसत होतो तिथून सगळं दिसत असे. मी कधी घेतलं नाही, पण बोललोही नाही. तेव्हा तुम्हाला शौर्याचा सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. एवढं करा. अबव्ह भरू नका. त्यांच्या बैठकीला हजर राहण्यापेक्षा ती निविदा न भरणं बरं. आणि तुमचं काम दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या खात्यात असं पसरवा, की मुरूम अडवणाऱ्याला तुमचा सगळा धंदा अडवता येऊ नये.

मुलाला २० लाखांचं पहिलं काम लागतंय. तो म्हणतो, बाबा, १० लाखांची एफडी मोडा, बिल महिन्यात निघेल. मोडू का?
— निवृत्त शिक्षक, औसा

गुरुजी, बिल महिन्यात निघेल हे मुलाला कुणी सांगितलं? काम होतं, मग शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत मापं घेतो, उपविभागात तपासणी होते, मग विभागात लेखा शाखा, आणि या सगळ्यांच्या पलीकडे अनुदान यावं लागतं. सहा महिने धरा.

एक लाखाच्या बिलात हातात किती येतात ते बघा. आयकर १ टक्का, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का, आणि निविदेत निम्मी सुरक्षा अनामत बिलातून कापायची असेल तर साधारण २ टक्के. सहा हजार गेले. यातला आयकर विवरणपत्रात वळता होतो, जीएसटीचा टीडीएस मुलाच्या खात्यात जमा दिसतो, अनामत दोषदायित्व संपल्यावर येते. उपकर गेला तो गेला. विमा शासकीय विमा निधीचा घेतला नसेल तर त्याचीही वजावट होते, म्हणून तो काम सुरू करतानाच काढायला सांगा. वर जे जीएसटीचे १८ हजार येतात ते मुलाचे नाहीत. नव्या ठेकेदारांना ते नफ्यासारखे दिसतात आणि त्यातून बुलेट येते.

तर एफडी मोडू नका. तिच्यावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्या, मर्यादा सहा लाखांची ठेवा. उरलेल्या चार लाखांचं मुलाला सांगूच नका. सिमेंट आणि सळईवाल्याकडे महिन्याच्या उधारीचं बोलून घ्या, मजुरांची मात्र एक शनिवारची हजेरीही थकू देऊ नका. काम तीन टप्प्यांत तोडायला सांगा आणि पहिला टप्पा झाला की चालू देयकाचा, म्हणजे तोवर झालेल्या कामापुरत्या बिलाचा, अर्ज द्यायला लावा. शेवटी एकदम बिल करू म्हणणारे पहिल्याच कामात बुडतात. आणि मोजमापाच्या दिवशी मुलानं स्वतः टेप धरायचा. तुम्ही गणित शिकवत होतात की मराठी, पत्रात लिहिलेलं नाही. गणित असेल तर मोजमाप पुस्तिकेची प्रत रात्री घरी मागवून एकदा बेरजा तपासा.